आच तीच, पाणी कमी: यिनच्या उणिवेवर गोव्यातल्या जेवणाचे पथ्य

गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून रात्री दोनच्या सुमारास मला जाग येऊ लागली. मानेखालची उशी ओली झालेली असायची, छातीत आणि हातापायांच्या तळव्यांत आग होत असायची, घसा इतका कोरडा पडलेला असायचा की आवंढा गिळतानाही टोचावे, आणि तरीही कपाळाला हात लावून पाहिले तर ताप नसायचा. दुपारी चारनंतर गाल तापायचे. शिकवणीला येणाऱ्या मुली विचारायच्या, "बाई, तुम्हांला बरं नाही का?" वय एकोणपन्नास; त्यामुळे हे काय असावे याचा अंदाज मला होताच. म्हापशातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले, रात्रीचा घाम म्हणून छातीचा एक्स-रेही काढायला लावला, आणि सगळे ठीक आल्यावर पाळी जाण्याच्या काळातला हा बदल आहे असे सांगितले. हार्मोनच्या गोळ्या हव्या असतील तर देता येतील, पण त्रास सोसवत असेल तर काही महिने थांबूनही पाहता येईल, असे त्या म्हणाल्या. मी थांबायचे ठरवले.

थांबण्याच्या त्या काळात मी एक चूक केली, आणि हा लेख मुख्यतः त्या चुकीबद्दल आहे. "तुला उष्णता झाली आहे," असे डिचोलीतल्या आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक बाईने मला सांगितले, आणि मलाही ते पटले. मग एप्रिल आणि मे असे दोन महिने मी शरीरावर थंड पदार्थांचा मारा केला. सकाळी भिजवलेला सब्जा, दुपारी बर्फ घातलेले कोकम सरबत, संध्याकाळी कलिंगड, रात्री जेवणानंतर फ्रिजमधले ताक आणि वर तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, फोडी. पहिले तीन-चार दिवस बरे वाटले. त्यानंतर पोट जड राहू लागले, सकाळी दोन-दोनदा पातळ होऊ लागले, भूक मेली, आणि रात्री दोनची जाग जशीच्या तशी राहिली. तळव्यांची आग तर वाढल्यासारखीच वाटत होती. ज्या आगीवर इतके थंड ओतले ती विझत कशी नाही, हे मला कळेना.

मेच्या अखेरीस पणजीत ॲक्युपंक्चर करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांचे शिक्षण काही वर्षे चीनमध्ये झालेले आहे. त्यांनी आधी जीभ पाहिली, तीही खिडकीशी नेऊन, दिवसाच्या उजेडात. जीभ लाल होती, मधोमध बारीक भेगा होत्या आणि एरवी निरोगी जिभेवर असतो तो पातळ पांढरा थर जवळजवळ नव्हताच. नंतर दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि ती बारीक आणि जलद आहे असे सांगितले. चिनी वैद्यकाप्रमाणे त्यांचे निदान होते यिनची, म्हणजे शरीरातल्या ओलाव्याची आणि गारव्याची, उणीव. मी काय काय खाते याची यादी त्यांनी लिहून घेतली, सब्जा, बर्फ आणि रात्रीचे ताक यांवर काट मारली आणि म्हणाल्या, "तुमची आग मोठी झालेली नाही. तुमचं पाणी कमी झालं आहे."

त्या वाक्याचा अर्थ मला दोन दिवसांनी आमच्याच स्वयंपाकघरात कळला. उकड्या तांदळाची पेज मंद आचेवर ठेवून मी फोनवर बोलत बाहेर गेले. बोलणे लांबले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "गो, पेज लागली बघ!" मी धावत आत आले तेव्हा वर अजून थोडे बुडबुडे येत होते, पण तळाशी शिते टोपाला चिकटून तपकिरी झाली होती आणि करपल्याचा वास घरभर पसरला होता. गॅसची ज्योत मी ठेवली होती तितकीच, करंगळीच्या पेराएवढी होती. आच कोणी वाढवली नव्हती. पाणी आटले होते. आणि त्या वेळी टोपावर बाहेरून बर्फ ठेवला असता तर बूड लागायचे थांबले नसते. आत, हळूहळू, गरम पाणीच घालायला हवे होते.

चिनी वैद्यकात हा भेद फार जुना आहे. यिन या अक्षराचा मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू, आणि यांग म्हणजे उन्हाची बाजू. शरीराच्या संदर्भात यिन म्हणजे ओलावा, गारवा, विसावा आणि शरीराचे भरीव द्रव्य. यांग म्हणजे ऊब, हालचाल आणि चलनवलन. यांग प्रमाणाबाहेर वाढले तर जी उष्णता होते ती भरलेली उष्णता: मोठा ताप, मोठी तहान, पिवळा जाड थर असलेली जीभ, जोरकस नाडी. यांग आहे तेवढेच राहिले आणि यिन घटले तरीही उष्णता दिसते, पण ती पोकळ उष्णता असते. तिची खूण म्हणजे दुपारनंतर चढणारी ऊब, छाती आणि तळहात-तळपाय यांची आग, गालांवरची लाली, रात्री घोट-घोट पाणी पिण्याची इच्छा, कोरडा मळ, आणि झोपेत येऊन जाग येताच थांबणारा घाम. या घामाला चिनी भाषेत 'दाओहान' म्हणजे चोरघाम असा शब्द आहे; माणूस झोपला की चोरासारखा येतो म्हणून. मराठी शिकवणारी बाई म्हणून मला हा शब्द फार आवडला, कारण डॉक्टरांना सांगताना मला नेमका हाच शब्द सापडत नव्हता. यिनचे भाषांतर आपल्याकडे सर्रास 'स्त्रीतत्त्व' असे करतात. त्या भाषांतराने जेवणाच्या पथ्याबद्दल काहीच हाती लागत नाही. सावली आणि ओलावा हे मूळचे अर्थच धरून ठेवावेत, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या 'उष्णता झाली' या शब्दप्रयोगात हे दोन्ही प्रकार एकत्र कोंबले जातात, आणि माझी फसगत तिथेच झाली. सब्जा, कलिंगड, मुगाचे पाणी या गोष्टी भरलेली उष्णता कमी करण्यासाठी योग्य आहेत आणि मेच्या उन्हात भाजून आलेल्या माणसाला त्यांनी उतार पडतो. परंतु चिनी आहारविचारात उष्णता काढून टाकणे आणि यिन भरून काढणे ही दोन वेगळी कामे मानली जातात. शिवाय खाल्लेल्या अन्नातून ओलावा तयार करण्याचे काम जठर आणि प्लीहा यांच्याकडे दिलेले आहे (चिनी वैद्यकात ही अवयवांची नावे कार्यांची नावे म्हणून घ्यायची असतात, शरीररचनाशास्त्रातल्या अर्थाने नव्हे), आणि त्या कामाला ऊब लागते. बर्फ आणि कच्चे थंड पदार्थ तीच ऊब मारतात. म्हणजे मी वरून पाणी ओतत होते आणि पाणी मुरवणारी जागाच बंद करत होते.

इसवी सनाच्या ८व्या शतकात वांग बिंग या पंडिताने प्राचीन वैद्यकग्रंथावर भाष्य लिहिताना हे सूत्ररूपाने मांडले: पाण्याच्या स्वामीला बळ द्या म्हणजे उन्हाची धग आवरली जाईल. पाण्याचा स्वामी म्हणजे मूत्रपिंड, ज्याच्याकडे चिनी वैद्यक जन्म, वाढ आणि म्हातारपण सोपवते आणि ज्याची रुची खारट मानते. या विचाराला पुढे सर्वांत जोर दिला तो युआन काळातल्या जू दानशी या वैद्याने. त्याचा जन्म १२८१ सालचा, मृत्यू १३५८ सालचा. माणसात यांग नेहमी जास्त आणि यिन नेहमी कमी असते, असे त्याचे म्हणणे होते. १३४७ सालच्या आपल्या निबंधसंग्रहात त्याने अळणी, सौम्य जेवणावर एक छोटे प्रकरण लिहिले आहे, आणि त्यातला एक मुद्दा मला पुन्हा पुन्हा आठवतो. रुची दोन प्रकारची असते, असे तो म्हणतो: एक निसर्गाने दिलेली, जी धान्य, कडधान्य, भाजी आणि फळ यांच्यात मुळातच असते; दुसरी माणसाने मसाले घालून, परतून, मुरवून तयार केलेली. पहिली यिन भरून काढते, दुसरी माणसाला इजा करते. साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या माणसाने आमच्या घरची मसालेदार शागुती पाहिली असती तर काय म्हटले असते ते सांगायला नको.

म्हणून माझे पथ्य सुरू झाले ते पेजेपासून. गोव्यातल्या घरात पेज ही सकाळी दहा-अकराची गोष्ट. मी ती रात्रीच्या जेवणाला घेऊ लागले आणि जेवणाची वेळ साडेनवावरून साडेसातवर आणली. तांदूळ उकडाच, एका वाटीला नऊ-दहा वाट्या पाणी, जाड बुडाचा टोप, आणि शीत फुटून पाणी दाटसर होईपर्यंत मंद आच. शिजल्यावर मीठ अगदी थोडे. चीनमध्ये हीच गोष्ट 'जोउ' या नावाने आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना देतात, आणि तिचे कारण असे सांगतात की तासभर शिजलेल्या तांदळाला पचवायला जठराला स्वतःचे पाणी खर्चावे लागत नाही. आपल्या मातीतही ही नोंद जुनी आहे. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात, मोडशी, म्हणजे पटकी, झालेल्या रोग्याला मिरे आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात, असा उल्लेख आहे. त्यातले जिरे मला पुढे उपयोगी पडले. त्याबद्दल खाली लिहिते. पेजेबरोबर आमच्याकडे खारातली कैरी, भाजलेला सुका बांगडा किंवा तिखट लोणचे असते. ते मी बंद केले. पहिला आठवडा पेज घशाखाली उतरत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात उकड्या तांदळाला स्वतःचा गोडवा असतो हे जिभेला कळू लागले, आणि तेव्हा मला जू दानशीचे म्हणणे खरे समजले.

यानंतर तिसऱ्या. चिनी आहारग्रंथांत शिंपल्यातल्या मांसाला खारट, गार आणि यिन पोसणारे मानले आहे. तिसऱ्या आणि कालवे ही त्या वर्गातली मासळी, आणि माणकीलाही (स्क्विडला) यिन पोसणारीच मानतात. कोळंबी मात्र उबदार, यांग वाढवणारी, म्हणून माझ्यासाठी वर्ज्य. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिसऱ्यांचे वाटे मांडून बसलेल्या बायकांकडून मी एक वाटा आणते. घरी आणल्यावर दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवते. त्या पाण्यात त्या हळूच तोंड उघडतात, बारीक पांढरी नळी बाहेर काढतात आणि पोटातली रेती सोडतात, ती तळाशी राखाडी थरासारखी साचते. एरवी आपण त्या विळीवर उघडून एकशिपी करतो आणि खोबऱ्याच्या वाटपात सुके करतो. मी त्या न उघडता टोपात घालते, दोन वाट्या पाणी, आल्याची एकच पातळ चकती, वर झाकण. चार-पाच मिनिटांत शिंपल्या टकटक आवाज करत उघडतात. ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्यायच्या. खाली जे दुधट, समुद्राच्या वासाचे पाणी राहते ते फडक्यातून गाळून पेजेत घालायचे आणि मांस वर सोडायचे. मीठ वेगळे लागत नाही. आठवड्यातून दोनदा मी हे घेत असे.

इथे घरात मतभेद झाला आणि तो प्रामाणिक मतभेद होता. "तिसऱ्या उष्ण असतात, आणि तू आग होते म्हणून तिसऱ्या खातेस?" असे सासूबाईंनी विचारले. काळ्या तिळांबद्दलही तेच. मकरसंक्रांतीला तीळ का खातात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते: थंडीत ऊब मिळावी म्हणून. आयुर्वेदही तिळाला उष्णच म्हणतो. चिनी ग्रंथ मात्र काळ्या तिळाला ना गरम ना थंड असे समभावाचे मानतात. यकृत आणि मूत्रपिंड यांची झीज भरून काढणारे आणि कोरड्या आतड्याला स्निग्ध करणारे. दोन शास्त्रांची मोजपट्टीच वेगळी आहे, त्यामुळे एकाचा शब्द दुसऱ्यात नेऊन 'हे पित्त म्हणजेच ते यांग' असे समीकरण मांडण्याचा मोह मी टाळला आणि इतरांनीही टाळावा असे मला वाटते. मी इतकेच केले की एका वेळी एकच पदार्थ दहा दिवस घेऊन वहीत लिहून ठेवले. तिळाच्या दहा दिवसांत, रोज दोन चमचे भाजून कुटलेले काळे तीळ पेजेवर घेतल्यावर, कोठा साफ होऊ लागला आणि आग वाढली नाही. तिसऱ्यांच्या दहा दिवसांतही वाढली नाही. त्याच वहीत असेही लिहिले आहे की शिजवलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाने, जो चिनी मताप्रमाणे यिन पोसतो, मला दोन्ही वेळा रात्री जड झाले. तो मी सोडून दिला.

कोकमाचा शोध मात्र मला स्वतःचा वाटतो, जरी त्याला चिनी ग्रंथांचा आधार नाही. आंबट आणि गोड यांच्या संयोगातून यिन तयार होते, असे एक सूत्र चिनी औषधयोजनेत आहे. बीजिंगमध्ये उन्हाळ्यात पितात ते आंबट आलुबुखारांचे सरबत, ज्यात धुरावर वाळवलेली आलुबुखाराच्या जातीची काळी फळे, ज्येष्ठमध आणि खडीसाखर उकळतात, ते याच सूत्रावर उभे आहे. त्याचे वर्णन ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या परड्यातले भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे, झाड आले. भिरंडाच्या सालीचे आगळ आणि नारळाचे दाट दूध यांची सोलकढी हा आंबट-गोडाचा संयोगच आहे, आणि शहाळ्याला व खोबऱ्याला चिनी मतातही ओलावा निर्माण करणारेच मानले आहे. मी केवळ तीन बदल केले: लसूण आणि हिरवी मिरची काढून टाकली, आगळात मीठ असतेच म्हणून वरून घातले नाही, आणि सोलकढी फ्रिजमध्ये न ठेवता ताजी, घरातल्या हवेच्या तापमानाची घेतली. ज्या कोकमाचे बर्फ घालून मी दोन महिने सरबत प्याले आणि पोट बिघडवले तेच कोकम असे घेतल्यावर अंगी लागले.

जे सोडायचे त्याचे फार वर्णन करत नाही, कारण त्यात नवे काही नाही. तिखट, कच्चा लसूण, मिरे, तळलेले, मटण, दारू आणि सहा कप चहापैकी चार कप. खरे कठीण होते ते जागरण सोडणे. रात्री अकरानंतरचा काळ यिन साठण्याचा मानला जातो, आणि परीक्षेच्या वह्या मी वीस वर्षे त्याच वेळात तपासत आले आहे. जेवणाने दिवसभरात जे भरायचे ते रात्री बाराला ट्यूबलाइटखाली खर्च करायचे, असा तो हिशोब होता. आता वह्या पहाटे पाचला उठून तपासते.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि जुलैपर्यंत पथ्य फसले. अंग जड, जीभ सकाळी चिकट, पोटात गुडगुड, आणि जिभेवर नाहीसा झालेला थर परत आला तो पातळ पांढरा नव्हे, तर मागच्या बाजूला जाड आणि ओशट. पणजीच्या बाई जीभ पाहून म्हणाल्या की यिन पोसणारे अन्न स्वभावतः दाट, ओले आणि चिकट असते. ते मुरले नाही तर शरीरात दमटपणा साचतो, आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते अशा गोव्याच्या पावसात तर तो साचणारच. यिनच्या उणिवेवरचे सर्वांत प्रसिद्ध औषध याच कारणाने मला अभ्यासण्यासारखे वाटते. सोंग काळातल्या छ्येन यी या बालवैद्याची ही सहा द्रव्यांची गोळी. त्याच्या शिकवणीचा ग्रंथ १११९ साली संकलित झाला. तिच्यात दीहुआंग नावाचे काळे, चिकट कंदमूळ आठ भाग, भरून काढणारी आणखी दोन द्रव्ये चार-चार भाग, आणि उरलेली तीन द्रव्ये तीन-तीन भाग. ही शेवटची तीन साचलेले पाणी आणि उष्णता बाहेर काढणारी. म्हणजे सोळा भाग भरणारे आणि नऊ भाग वाट मोकळी करणारे. भरणाऱ्या द्रव्यांपैकी एक कंद आपल्याकडच्या काटेकणगांच्या कुळातलाच आहे, हे कळल्यावर हिवाळ्यात मी कणगां उकडून खाऊ लागले. ती गोळी मी घेतली नाही. पण तिची रचना जेवणात आणली. जुलैपासून पेजेत अर्धा चमचा जिरे उकळू लागले, तीळ दोन चमच्यांवरून एकावर आणले, सोलकढी आठवड्यातून दोनदाच ठेवली, आणि दुपारी भाजलेल्या तांदळाची, म्हणजे आधी कोरडे भाजून मग शिजवलेली, पातळ पेज घेतली. दहा-बारा दिवसांत जडपणा उतरला. ओर्ता यांच्या काळातल्या कोणा गोव्याच्या बाईने कांजीत जिरे का घातले असतील, याचा विचार मी त्या दिवसांत खूप केला.

श्रावणात मासळी बंद होती, आणि पावसात नदीचे पाणी गढूळ झाल्यावर तिसऱ्या तशाही आमच्याकडे फारशा येत नाहीत. त्या महिन्यात मी ऑनलाइन मागवून 'यिन्अर' ही पांढरी बुरशी करून पाहिली. या नावातले यिन म्हणजे चांदी, आपले यिन नव्हे. रुपेरी कान असा तिचा अर्थ. रात्रभर भिजवली की कुरकुरीत फुलासारखी फुगते, आणि खडीसाखर व पेअर घालून दोन तास शिजवली की साबुदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत होते. कोरड्या घशाला तिने आराम पडला, हे खरे. परंतु दूर देशातून आलेल्या, महागड्या पुडीवर हे पथ्य अवलंबून आहे असा समज कोणी करून घेऊ नये. तीच गोष्ट लाल गोजी बेरीची. शिवाय रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर गोजी घेऊच नये. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो. शिंपल्यांची ॲलर्जी असलेल्यांनी तिसऱ्यांच्या वाटेला जाऊ नये, आणि रक्तदाब असलेल्यांनी त्या पाण्यातल्या मिठाचा हिशोब ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत, जी २०२२ सालापासून लागू झाली, पारंपरिक वैद्यकाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मूत्रपिंडाच्या यिनची उणीव हे नावही आहे. ते नाव तिथे नोंदणी करता यावी म्हणून आहे. हे निदान आधुनिक वैद्यकाने सिद्ध केले आहे असा त्याचा अर्थ नाही. रात्री घाम येणे हे क्षयाचे लक्षण असू शकते, तळव्यांची आग मधुमेहाची असू शकते, जलद नाडी आणि ऊब थायरॉइडची असू शकते. त्या तपासण्या आधी झाल्या नसत्या तर मी पेजेच्या भरवशावर एक दिवसही काढला नसता, आणि ज्या बायकांना हार्मोनच्या गोळ्यांची गरज आहे त्यांनी त्या घेण्यात कमीपणा मानू नये असे मला मनापासून वाटते. माझ्या बाबतीत वयाबरोबर त्रास आपोआप उतरत गेला असेल, हेही शक्य आहे. माझी वही एका बाईची वही आहे.

त्या वहीप्रमाणे, गेल्या वर्षी मे महिन्यात एकतीसपैकी सत्तावीस रात्री मला घामाने जाग आली होती. चतुर्थीच्या महिन्यात ती चौदा रात्री आली. या फेब्रुवारीत पाच रात्री, आणि त्यांपैकी दोन रात्री एका लग्नाच्या जेवणानंतरच्या आहेत. सकाळी दात घासण्यापूर्वी मी खिडकीशी आरसा घेऊन जीभ पाहते. मधल्या भेगा अजून आहेत. भेगांच्या दोन्ही बाजूंना मात्र आता पातळ पांढरा थर दिसतो, पेज निवल्यावर तिच्यावर साय धरते तितकाच पातळ, आणि काल शुक्रवारच्या बाजारात या वर्षीच्या चांगल्या भरलेल्या तिसऱ्या आल्या होत्या म्हणून मी दोन वाटे आणून मिठाच्या पाण्यात ठेवले, तेव्हा सासूबाईंनी त्यांतल्या मूठभर स्वतःच्या पेजेसाठी बाजूला काढायला सांगितल्या.